अहिराणी नाटकाची प्रकाशयोजना: आधी कल्पना धरायची की आधी हाताशी असलेले दिवे?

उजेडवाला, जळगाव

राम राम मंडळी. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रासाठी दोन अंकी अहिराणी नाटक बसतंय. पुढे चोपडा, पारोळा, शिरपूर भागात मैदानावरही प्रयोग लावायचे आहेत. प्रकाशयोजना माझ्या गळ्यात आहे.

प्रवेश तीन ठिकाणचे. मे महिन्यातली दुपार, केळीच्या बागेत. मग खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाची रात्र, घरात. शेवटी पहाट आणि विसर्जनाची मिरवणूक. दिग्दर्शिकाताईंचं म्हणणं: उन्हाची काहिली प्रेक्षकांच्या अंगावर आली पाहिजे, रात्र निळीशार हवी, पहाट केशरी हवी आणि दोघा भावांच्या भांडणाला लाल लाइट हवा. ऑपरेटर म्हणतो, एवढ्या सामानात हे बसायचं नाही. आधी तोंडं दिखाले जोयजे, मूड मग बघू. दोघांचंही पटतं, म्हणूनच अडकलोय.

सामान: १००० वॅटचे ६ पार ६४ (डब्यातले साधे झोतदिवे), १००० वॅटचे ४ फ्रेनेल (मऊ कडांचे दिवे), ७५० वॅटचे २ झूम प्रोफाइल (रेखीव कडांचे, झोत २५ ते ५० अंश), १२ एलईडी पार (५४ बाय ३, आरजीबीडब्ल्यू म्हणजे लाल, हिरवा, निळा, पांढरा), १२ चॅनेलचा थ्री-फेज डिमर (उजेड कमी-जास्त करणारा), १९२ चॅनेलचा छोटा बोर्ड, एक स्मोक मशीन. रंगमंचाची दर्शनी रुंदी ३० फूट, खोली २२ फूट. प्रेक्षागृहातला बार (दिवे टांगायची नळी) स्टेजच्या काठापासून २० फूट लांब आणि नटाच्या चेहऱ्यापासून साधारण १८ फूट उंच. स्टेजवर तीन बार. सकाळी हॉल ताब्यात, संध्याकाळी प्रयोग.

सुरुवात कुठून करू? संहितेपासून की बारपासून?

---

पडद्यामागे

भाऊ, संहितेपासूनच करा. पण "काहिली", "निळीशार" हे शब्द तसेच घेऊन बोर्डावर बसू नका. प्रत्येक प्रवेशापुढे तीन गोष्टी लिहा: उजेड कशाचा आहे, कुठून येतोय, आणि काय दिसू द्यायचं नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत. मग सगळे दिवे सगळ्यांवर, असा कारभार होतो.

तुमच्या नाटकाला हे लावून बघू.

मेची दुपार. जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणजे मेच्या शेवटी दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाशी गोळा होते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, खांदे आणि टोपी तेवढी चकाकते. काहिली इथून येते. समोरून सगळे दिवे शंभर टक्के केले तर लख्ख दिसेल, पण ऊन वाटणार नाही, लग्नाचा मांडव वाटेल. म्हणून चार पार मधल्या बारवर, तोंड सरळ खाली किंवा किंचित प्रेक्षकांकडे. दिवा सीपी ६२ घ्या, झोत रुंद मिळतो. पार ६४ चा झोत अंडाकृती असतो. डब्याच्या मागून दिवा फिरवला की अंड्याची दिशा बदलते. दोन आडवे, दोन उभे ठेवा. जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत कागद) लावायचंच तर पाव निळं, ली कंपनीचं २०३. हॅलोजनचा पिवळेपणा थोडा कापला जातो आणि ऊन पांढरं होतं.

चार पारमध्ये ३० फूट झाकलं जाणार नाही हे खरं. झाकूच नका. केळीच्या बागेत ऊन कवडशांनीच येतं. नट कवडशात येईल, सावलीत जाईल. ताईंना नटांच्या जागा या चार कवडशांप्रमाणे बांधायला सांगा. भावाभावांत जो दबलेला आहे त्याला सावलीची जागा द्या. सामान कमी आहे म्हणून नव्हे, प्रवेशालाही हेच हवं आहे.

आता समोरचा प्रकाश. स्टॅन्ली मॅककॅन्डलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत अशी: रंगमंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला दोन बाजूंनी ४५ अंशांतून एक उबदार, एक थंड दिवा द्यायचा. तुमच्या स्टेजचे सहा भाग धरले तर बारा दिवे लागतील. आहेत चार फ्रेनेल. मग भाग दोनच पाडा, डावा आणि उजवा. डाव्या टोकाच्या दोन फ्रेनेलना फिकट सोनेरी (ली १५२), उजव्या टोकाच्या दोघांना ली २०३. प्रत्येक जोडीतला एक डाव्या अर्ध्यावर, एक उजव्या अर्ध्यावर. चौघांना वेगळे चॅनेल. दुपारी उबदार जोडी २५ ते ३० टक्के, बस. रात्री आणि पहाटे थंड जोडी.

कोन तपासून घ्या. काठापासून चार फूट आत उभ्या असलेल्या नटापर्यंत आडवं अंतर २४ फूट, उंची १८, म्हणजे तिरकं अंतर ३० फूट आणि कोन सुमारे ३७ अंश. ४५ पेक्षा कमी आहे, पण चेहऱ्याला चांगलाच. फ्रेनेल ३० अंशांवर उघडला तर ३० फुटांवर १६ फुटांचं वर्तुळ पडतं, अर्धं स्टेज बसलं. प्रोफाइल मात्र पुढच्या बारवर टांगू नका. २५ अंशालासुद्धा तिथून १३ फुटांचं वर्तुळ येईल, एकाच जागेपुरत्या स्पेशलचा काही उपयोग नाही. स्टेजवरच्या पहिल्या बारवर आणा. १४ फुटांवरून तोच दिवा सहा फुटांचं वर्तुळ देतो.

उरलेले दोन पार उजव्या विंगेत स्टँडवर. बारा एलईडींपैकी चार सायक्लोरामाच्या (मागच्या मोठ्या पडद्याच्या, म्हणजे सायकच्या) पायथ्याशी, चार मागच्या बारवर बॅकलाइट म्हणून, दोन दोन विंगांत.

कानबाईच्या रात्रीचं आणि पहाटेचं नंतर लिहितो. पण एक आत्ताच: कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि विसर्जन सोमवारी सकाळी. श्रावणातली आपल्याकडची पहाट केशरी कुठे असते? ढगाळ, करडी, ओली असते. ताईंशी हे बोला.

---

तीन_फेज, भुसावळ

वरचं सगळं मान्य. पण बारवर काही चढवण्याआधी कागदावर वॅट मांडा.

फ्रेनेल ४ किलोवॅट, पार ६, प्रोफाइल दीड, एलईडी नगामागे १५० वॅट धरून १.८, स्मोक मशीन १. एकूण १४.३. डिमरमध्ये बहुधा १ ते ४ एका फेजवर, ५ ते ८ दुसऱ्या, ९ ते १२ तिसऱ्या असतात. झाकण उघडून खात्री करा. मग मधल्या बारचे चार पार १ ते ४ वर, पुढचे फ्रेनेल ५ ते ८ वर, विंगेतले दोन पार ९-१० आणि प्रोफाइल ११-१२ वर. स्मोक मशीन पहिल्या फेजवर, एलईडी तिसऱ्या फेजवर, दोन्ही डिमर सोडून थेट. हिशेब येतो ५, ४ आणि ५.३ किलोवॅट. सगळ्यात जड फेजवर २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा थ्री-फेज पॉइंट पुरतो. शिवाय एका बारवर एकच फेज राहतो. शेजारशेजारच्या दोन दिव्यांवर दोन फेज आले तर त्यांच्यात ४०० व्होल्ट असतात आणि शिडीवरच्या पोराचा हात दोन्हीकडे पोचतो.

एलईडी पार चुकूनही डिमरच्या सॉकेटला लावू नका. आतली एसएमपीएस (दिव्याला वीज पुरवणारी पाटी) डिमरने कापलेल्या लहरीवर चालायला बनवलेली नसते. आधी गुणगुणते, मग लुकलुकते, मग जाते. "फेडर शंभरवरच ठेवतो ना" हे कारण चालत नाही, कारण ब्लॅकआउटला कोणीतरी मास्टर खाली घेतोच.

न्यूट्रलकडे लक्ष. डिमरमुळे तिसरा हार्मोनिक (मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेचा प्रवाह) तयार होतो. तीन फेजचे हे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून न्यूट्रलची तार फेजएवढी जाड हवीच, बारीक नको. आणि न्यूट्रल सैल झाला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज २७०, ३०० असं चढतं. आधी एलईडी आणि साउंडचे ॲम्प्लिफायर उडतात, हॅलोजन नुसतं जास्त पांढरं दिसतं. लोड टाकायच्या आधी आणि चार दिवे पेटवल्यावर, दोन्ही वेळा मल्टिमीटरने तिन्ही फेज ते न्यूट्रल मोजा. पहिल्या वेळी सगळं २३० आणि दुसऱ्या वेळी एक १९०, एक २६० झालं, तर मेन बंद करून न्यूट्रलचा स्क्रू बघा.

केबल: १००० वॅटला साडेचार अँपिअरच्या आत, दीड स्क्वेअर एमएम तीन कोअर पुरते. दोन दिवे एका एक्स्टेन्शनवर घेणार असाल तर अडीच. ड्रमवरची केबल पूर्ण सोडायची, गुंडाळून ठेवलेली तापते. प्रत्येक दिव्याला हुकाशिवाय वेगळी सेफ्टी चेन. ती बारभोवती घ्यायची, दिव्याच्या स्वतःच्या हँडलला गुंडाळून उपयोग नाही.

डीएमएक्स (बोर्डाकडून दिव्यांना जाणारा सिग्नल): तुमचा १९२ चा बोर्ड बहुधा बारा बटणं गुणिले सोळा चॅनेल असा चालतो. डिमर १ वर ठेवा. एलईडींना बारा वेगवेगळे पत्ते देत बसू नका, चार गट करा: सायक १७, बॅकलाइट ३३, डावी विंग ४९, उजवी विंग ६५. एका गटातल्या सगळ्या दिव्यांचा पत्ता तोच आणि मोडही तोच. सात चॅनेलचा मोड एकावर, आठचा दुसऱ्यावर राहिला की निळा मागितल्यावर स्ट्रोब (झपझप उघडझाप) सुरू होतो. शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, पिन २ आणि ३ मध्ये. माइकची केबल डीएमएक्सला वापरली की तालमीत चालते आणि भरल्या हॉलमध्ये एखादा एलईडी मधूनच पेटायला लागतो. ती केबल या कामाची नाही.

---

रंगपेटी

वेशभूषा-रंगभूषेकडून दोन ओळी. कानबाईच्या रात्री कपाळाला कुंकू, हळद, लाल-हिरवी लुगडी, नथ असं सगळं असणार. नुसत्या निळ्या एलईडीखाली कुंकू काळं दिसतं, हळद मळकट होते, लाल लुगडं काळं पडतं. नुसत्या लालखाली उलटं: कुंकू दिसतच नाही, कारण कातडी आणि कुंकू सारखंच उजळतात. चेहऱ्यावरच्या रेषाही जातात. म्हणजे भांडणात तुम्हाला ज्या कपाळाच्या आठ्या दाखवायच्या आहेत, त्याच लाल लाइट पुसून टाकतो.

आरजीबी मिसळून केलेला पांढरा तर चेहऱ्यावर नकोच, सावळा रंग राखाडी दिसतो. चेहऱ्याला हॅलोजन ठेवा. एलईडी वापरायचाच तर फक्त डब्ल्यू चालू करून त्यावर ली २०५ (अर्धं नारिंगी) लावा.

कपड्यांचे आणि रंगाचे नमुने त्याच एलईडीखाली धरून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. दोन कंपन्यांचे निळे सारखे नसतात.

---

उजेडवाला, जळगाव

खूपच कामाचं मिळालं. ताईंशी बोललो. कवडशांची कल्पना त्यांना आवडली. करड्या पहाटेला त्या तयार आहेत, पण शेवटी केळीच्या पानांतून एकदा तरी ऊन यावं असा हट्ट आहे. भांडणाच्या लालवर अजून अडून आहेत. रात्र आणि पहाट आकड्यांत सांगाल का? आमच्या बोर्डावर फेडचा (उजेड हळूहळू बदलण्याचा) एकच स्लायडर आहे, सगळ्यांना सारखा वेळ लागतो.

---

पडद्यामागे

बोर्डाचा प्रश्न आधी. लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस चालवा, फुकट आहे. यूएसबी ते डीएमएक्स डोंगल लागेल. प्रत्येक क्यूला (ठरलेल्या प्रकाशबदलाला) वेगळा फेड देता येतो आणि एकाच वेळी दोन-तीन फेड पुढे-मागे चालवता येतात. लॅपटॉपची झोप, अपडेट, वायफाय बंद, चार्जर लावलेला. छोटा बोर्ड बाजूला तयार ठेवा, त्यात चारच सीन: दुपार, रात्र, पहाट, नुसता समोरचा प्रकाश. लॅपटॉप अडला तर डीएमएक्सची केबल बदलून नाटक पुढे जातं.

रात्र. प्रेक्षकाला अंधार दिसतो तो फरकामुळे, कमी उजेडामुळे नाही. मागून आणि बाजूने जास्त, समोरून कमी. बॅकलाइट २५५ पैकी निळा २००, हिरवा ७०, पांढरा ४०. विंगेतले निळा १६०, हिरवा ५०, पांढरा २५. हिरवा आणि पांढरा मिसळल्याशिवाय निळ्यावर डोळा ठरत नाही, मागच्या रांगेला तोंडं धूसर दिसतात. समोरून थंड जोडी १५ टक्के. ऑपरेटरचं "तोंडं दिसली पाहिजेत" एवढ्यावर भागतं.

रात्रीचा खरा उजेड मात्र कानबाईपुढच्या दिव्याचा. तो सगळ्या प्रवेशाचं केंद्र. खरी ज्योत हॉलमध्ये लावू देतील की नाही ते आधी विचारा. बॅटरीवरची ठेवली तरी तिचा उजेड चौरंगाच्या पलीकडे जात नाही. म्हणून एक प्रोफाइल पहिल्या बारवरून, कडा मऊ करून, ली २०४ (पूर्ण नारिंगी) लावून बरोबर चौरंगावर. बारा व्होल्टची छोटी एमआर १६ दिवली मिळाली तर चौरंगाआड जमिनीवर ठेवा, खालून वर येणारा उजेड दिव्याचाच वाटतो. लुकलुक करायची असेल तर एका दिव्याची नको, ती बिघाड वाटते. दोन चॅनेल वेगवेगळ्या गतीने ६० ते ८५ च्या मध्ये हलवा, तेही इतकं हळू की मुद्दाम पाहिलं तरच कळावं. मागच्या बारवरचा एक एलईडी या प्रवेशापुरता गटातून काढून नुसता पांढरा, थेट कानबाईच्या नारळाच्या मागून द्या. नथ आणि दागिने चमकतात, चेहरा मऊ राहतो. (त्या एकाला वेगळा पत्ता लागेल, ८१ द्या.)

दुपारच्या लख्ख उजेडानंतर थेट ही पातळी आली तर पहिली काही सेकंदं प्रेक्षकाला काहीच दिसणार नाही. डोळे सरावायला वेळ लागतो. रात्र दहा टक्के जास्तीची उघडा आणि ७० ते ९० सेकंदांत ते दहा टक्के चोरून काढा. कोणाला कळत नाही.

पहाट चार मिनिटांची धरा, एकच फेड करू नका.

०:०० ला सायक रात्रीच्या निळ्यातून करड्याकडे: लाल ६०, हिरवा ७५, निळा ९५, पांढरा ८०, वेळ १८० सेकंद. ०:४० ला दिव्याचा प्रोफाइल ७० वरून ३५ वर, १५० सेकंद. दिवा विझत नाही, उजाडल्यामुळे फिका पडतो. १:०० ला थंड जोडी १५ वरून ४५, १२० सेकंद. विंगेतले निळे १:३० ला सोडायला सुरुवात, १२० सेकंद. आधी सोडले तर मध्ये एक खड्डा पडतो आणि पहाट होण्याऐवजी अंधारून येतं. ३:३० ला बॅकलाइट करडा-पांढरा ४० टक्के.

इथे तुमचे एलईडी दगा देतील. त्यांना ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. पांढरा १८० सेकंदांत ८० पर्यंत न्यायचा म्हणजे सव्वादोन सेकंदांना एक पायरी, आणि खालच्या पायऱ्या डोळ्याला टोचतात. शून्यावरून तर टचकन पेटतात. उपाय: रात्रीच्या सीनमध्येच सायकवर पांढरा ८-१० ठेवून द्या, म्हणजे शून्य ओलांडायचं राहत नाही. दिव्याच्या मेनूत डिमर स्पीड किंवा स्मूद असा पर्याय असेल तर तो लावा. आणि हॅलोजन याच्या अगदी उलट वागतं, खालून उचललं की लालसर पिवळं होऊन सावकाश वर येतं. म्हणून नाजूक हालचाल हॅलोजनकडे, मोठे रंग एलईडीकडे, अशी वाटणी सगळ्या नाटकभर ठेवा.

ताईंचं पानांतलं ऊन द्या. ढगाळ पहाटेत सावल्या नसतात, म्हणून तोपर्यंत पानांचा गोबो (प्रोफाइलमध्ये घालायची, नक्षी कापलेली पत्री) अजिबात नको. मिरवणूक निघते तेव्हा ढग एकदाच फाटतो: दुसरा प्रोफाइल गोबोसह आणि विंगेतले दोन पार आठ सेकंदांत ७० पर्यंत, वीस सेकंद थांबा, पंचवीस सेकंदांत खाली. आधी चार मिनिटं करडं पाहिलेल्या डोळ्याला ७० पुष्कळ होतं.

गोबो घरी होतो. छापखान्यातली वापरलेली ऑफसेटची ॲल्युमिनियम प्लेट घ्या, होल्डरच्या मापाने कापा. केळीचं पान आखताना अख्खं पान काढू नका, ते होडीसारखं दिसतं. वाऱ्याने फाटलेलं पान काढा: मधला दांडा तिरपा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समांतर, असमान रुंदीच्या पट्ट्या. पट्ट्यांमधल्या फटी कापायच्या, उजेड तिथून जातो. सगळ्यात बारीक पूल तीन मिलिमीटरपेक्षा कमी नको, ७५० वॅटच्या उष्णतेने वाकतो. चित्र उलटं आणि डावं-उजवं बदलून पडतं, तसंच घाला. फोकस किंचित ढळता ठेवा.

भांडणाचं: लाल राहू दे, पण चेहऱ्यावर नाही, सायकवर, तेही गडद, ३० टक्क्यांच्या आत. चेहऱ्यावर त्या वेळी समोरची उबदार जोडी दहा सेकंदांत शून्यावर न्या आणि एका बाजूचाच दिवा ठेवा. अर्धा चेहरा जातो, आठ्या उठून येतात. ताईंना दोन्ही लावून दाखवा, शब्दांनी वाद घालू नका.

---

उजेडवाला, जळगाव

दिवसभराचा वेळ कसा वाटू? गेल्या खेपेला बऱ्याच मंडळांचा वेळ फोकसिंगमध्येच जाताना दिसला.

---

तीन_फेज, भुसावळ

दिवा टांगायला नव्हे, शिडी हलवायला वेळ जातो. म्हणून बारप्रमाणे काम करा, प्रवेशाप्रमाणे नाही. आदल्या रात्री घरी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चॅनेलचा आकडा चिकटवा, जिलेटिन फ्रेममध्ये घालून वर दिव्याचा नंबर लिहा, एलईडीचे पत्ते सेट करून ठेवा. हॉलवर टांगणं आणि जोडणी दोन तास. मग एकेक चॅनेल ३० टक्क्यांवर पेटवून तपासा, न पेटणारा दिवा शिडी तिथे असतानाच उतरवा. फोकस दिव्यामागे पाच मिनिटं. सगळे २४ धरा, म्हणजे दोन तास. हॉलचे दिवे बंद, नटाच्या उंचीचा माणूस स्टेजवर, आणि झोताचा मधला कडक भाग त्याच्या तोंडावर. जमिनीकडे बघून फोकस केला की झोत कमरेवर बसतो. कवडशांच्या जागी टेपचा छोटा तुकडा लावा, नटांना तो पाऊल ठेवून शोधायची सवय तालमीतच लावा.

मग पातळ्या एक तास, क्यू ते क्यू दीड तास. संपूर्ण तालमीचा मोह टाळा, वेळ नसतो. क्यूचे नंबर दहाच्या अंतराने: १०, २०, ३०. ऐनवेळी मध्ये घातलेल्या क्यूला २५ म्हणता येतं आणि बाकीची वही जशीच्या तशी राहते. वहीत क्यूपुढे वाक्य लिहा आणि नेमक्या कोणत्या शब्दावर बटण दाबायचं तो शब्द अधोरेखित करा. अहिराणीत नट वाक्य फिरवून बोलतात, तेव्हा जिथे शक्य तिथे शब्दाऐवजी कृती धरा: डफावर पहिली थाप, चौरंग उचलला.

---

पडद्यामागे

आणि सत्तर क्यू मागितले असतील तर तीसवर आणा. जिथे उजेडाचं कारण बदलत नाही तिथे क्यू नाही.

---

केळीचा_खुंट, रावेर

मैदानाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पुढचा बार नसतो. लोक दहा-बारा फुटांचे स्टँड समोर ठेवतात. पण स्टेजच चार फूट उंच, त्यावर नटाचं तोंड नऊ फुटांवर, म्हणजे दिवा जवळजवळ समोरासमोर. तोंड सपाट आणि मागच्या पडद्यावर नटाची भलीमोठी सावली. वीस फुटांची परांची दोन्ही कोपऱ्यांत बांधून घ्या, प्रेक्षकांच्या वाटेपासून दूर, तिन्ही बाजूंनी ताण दिलेली. ते जमत नसेल तर समोरचा प्रकाश कमीच ठेवून बाजूच्या विंगांतून काम चालवा.

व्होल्टेज: गावच्या लाइनवर रात्री १९० आले तर हॅलोजनचा उजेड जवळपास निम्मा होतो (व्होल्टेजच्या साडेतीन घाताच्या आसपास घटतो) आणि रंगही पिवळा होतो. एलईडी मात्र तसाच पेटत राहतो. म्हणजे हॉलमध्ये साधलेलं सगळं प्रमाण निळ्याकडे झुकतं, दुपारसुद्धा चांदण्यासारखी. अशा वेळी हॅलोजन वर नेता येत नाही, ते आधीच वर आहेत. एलईडीचे मास्टर ५० वर आणा. जमलं तर थ्री-फेज जनरेटर: १४.३ भागिले ०.८ म्हणजे जवळपास १८ केव्हीए, तेव्हा २५ चा मागा आणि साउंडला वेगळी लाइन द्या. आकडा टाकून लाइट घ्यायला कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा. तिथे अर्थिंग नसतं आणि ओल्या गवतावर पोरं अनवाणी बसलेली असतात.

सायक मैदानावर वाऱ्याने हलतो, त्यावरची चार मिनिटांची पहाट वाया जाते. तिथे पहाट दीड मिनिटाची करा, सायक सोडून थंड जोडी आणि बॅकलाइटवर. गोबो ठेवा, पण पडदा सोडून जमिनीवर पाडा. स्टेजवर गोणपाट अंथरलं तर पानांच्या सावल्या त्यावर उमटतात आणि दुपारच्या प्रवेशात खालून थोडा उजेड तोंडावरही परततो. ताडपत्री नको, चकाकते. गोणपाटाच्या कडा खिळ्यांनी ठोका, टेप धुळीवर चिकटत नाही.